फायनल पास ते टीईटी: सातारा-सांगलीच्या वर्गात कोण काय शिकवणार?

विषय रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. शिक्षकांच्या पात्रतेचा इतिहास म्हटलं की अमुक परीक्षा, तमुक नियम, अनुसूची आणि परिपत्रकं. ऐकता ऐकता कुणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही. हायस्कुलात इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलंय, डुलक्या घेणाऱ्यांकडे बघत बोलायची सवय आहे.

पण सप्टेंबर २०२५ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कुठल्याही स्टाफरूममध्ये जा, तिथे दुसरी चर्चा नाही. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीसुद्धा टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला हवी. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांची मुदत. ज्यांची पाचपेक्षा कमी उरली आहे त्यांना निवृत्तीपर्यंत तसंच राहता येईल, पण बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेला. आता जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर १९९८ साली, एकविसाव्या वर्षी, डी.एड. करून लागलेले गुरुजी डोळ्यांसमोर आणा. निकालाच्या दिवशी ते अठ्ठेचाळीस वर्षांचे. अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे अजून दहा वर्षं आहेत. सत्तावीस वर्षं शिकवल्यावर त्यांना विचारलं जातंय की तुम्ही शिकवायला पात्र आहात का.

यावर दोन बाजूंनी तावातावाने बोललं जातं, आणि दोन्ही बाजूंना वाटतं की हा प्रसंग पहिल्यांदाच आला. तसं नाहीये. हा प्रसंग आपल्याकडे निदान चार वेळा येऊन गेलाय. आज मी तेच सांगणार आहे. आणि त्याबरोबर एक प्रश्न शेवटपर्यंत हातात धरून ठेवणार आहे: वर्गात उभं राहायला जो कागद लागतो, त्या कागदावर विषय लिहिलेला असतो का?

सुरुवात पंतोजींपासून करू. इंग्रजी अंमलाच्या आधीपासून गावठी शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत, कुणाच्या पडवीत, धुळाक्षरं, पाढे, मोडी. पंतोजीला कुणी प्रमाणपत्र विचारत नव्हतं. गाव त्याला ओळखत होतं, धान्याच्या रूपाने पोसत होतं, आणि नाही पटलं तर पुढच्या वर्षी पोसणं बंद. ही व्यवस्था गोड होती असं मी म्हणत नाही. त्या ओवरीवर कुणाची मुलं बसत होती आणि कुणाची बसत नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखातं आलं, शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल स्कुलं आली, आणि घोड्यावर बसून शाळा तपासायला येणारे दिपोटी आले. ‘ट्रेन्ड’ आणि ‘अनट्रेन्ड’ अशा शिक्षकांच्या दोन जाती तेव्हापासूनच्या.

जाती हा शब्द मी उगाच वापरला नाही. आपल्या जिल्ह्याची दोन माणसं इथे येतात. सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे आजच्या खंडाळा तालुक्यातल्या. जोतीरावांचं घराणं मूळ खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. सावित्रीबाईंनी शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, हे आपण जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतो. त्या वाक्यावर थोडं थांबायला हवं. ज्या काळात पुरुष शिक्षकांतलेच बहुतेक अनट्रेन्ड होते, त्या काळात नायगावची एक मुलगी ट्रेन्ड होती.

आणि जोतीराव. १८८२ साली हंटर आयोग आला. ऑक्टोबर महिन्यात जोतीरावांनी आयोगापुढे आपलं निवेदन दिलं. त्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आहे, ती सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच निवेदनात शिक्षकांबद्दल जे आहे ते आजच्या विषयाचं मूळ आहे. ते म्हणतात की प्राथमिक शाळांतले मास्तर बहुतेक सगळे ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडेच नॉर्मल स्कुलातून शिकून आलेत, बाकीचे अनट्रेन्ड. पगार दहा रुपयांच्या वर क्वचित जातो. मग ते सुचवतात: शिक्षक शेतकरी-कारागीर वर्गातून तयार करा. नांगराच्या मुठीला किंवा सुताराच्या वाकसाला हात लावायची लाज वाटणार नाही असा माणूस हवा. त्याच्या प्रशिक्षणात शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान घाला. पगार बारा रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस द्या. आणि अनट्रेन्ड शिक्षक काढून त्यांच्या जागी ट्रेन्ड नेमा, मात्र जे खरोखर तरबेज असतील ते सोडून.

हे शेवटचे चार शब्द लक्षात ठेवा. ‘तरबेज असतील ते सोडून’. पात्रतेची कडक मागणी करणारा माणूस तिथेच एक खिडकी उघडी ठेवतो. कागद नसलेला पण शिकवता येणारा माणूस असतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या. तो तरबेज आहे हे ठरवायचं कुणी, हे मात्र निवेदनात नाही, आणि पुढच्या एकशे चाळीस वर्षांत कुठल्याच नियमात ते नीट लिहिता आलेलं नाही.

पुढे कागद कुठला झाला? व्हर्नाक्युलर फायनल. लोकांच्या तोंडी नुसती ‘फायनल’. मराठी सातवी झाल्यावरची परीक्षा. ती पास झाला की तलाठी होता येई, मास्तर होता येई. ‘आमचा पोरगा फायनल झाला’ हे वाक्य म्हातारी माणसं परवापरवापर्यंत ज्या अभिमानाने बोलत होती, तेवढा अभिमान आता पीएच.डी.चाही राहिलेला नाही. फायनल पास झालेला पोरगा आधी अनट्रेन्ड म्हणून लागायचा, मग पाळी आली की ट्रेनिंगला जायचा, पहिल्या वर्षाचा ट्रेन्ड, दुसऱ्या वर्षाचा ट्रेन्ड अशा पायऱ्या चढायचा. प्रत्येक पायरीला पगार बदले, गाव बदले, शाळेचा आकार बदले. एक गोष्ट बदलत नसे. तो काय शिकवणार, हे कुठल्याच पायरीवर लिहिलेलं नसे. गणित, वाचन, भूगोल, कवायत, सगळं त्याचंच. एकशिक्षकी शाळेत प्रश्नच येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. आपल्याच माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर पाठवलेला तो कोवळा मास्तर आठवा. शिकवणं राहिलं बाजूला, अर्ज लिहिण्यापासून भांडणं सोडवण्यापर्यंत सगळे ‘विषय’ वाडीने त्याच्यावर टाकले होते.

आता मुख्य माणसाकडे येतो. सातारा-सांगलीत शिक्षक हा शब्द उच्चारायचा आणि कर्मवीर भाऊराव पाटलांना टाळायचं, हे शक्य नाही. जन्म १८८७ चा, कुंभोजला. घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. एक गोष्ट रयतच्या कार्यक्रमांत सांगितली जाते, पण तिचा अर्थ फारसा काढला जात नाही. भाऊराव स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. साताऱ्यात शिकवण्या घ्यायचे, लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणायचे. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकले, कूपरांच्या कारखान्यात काम केलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग आलं, सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र. म्हणजे आजच्या नियमाने ज्यांना पहिलीच्या वर्गावरही उभं करता येणार नाही, अशा माणसाने हे सगळं उभं केलं.

यावरून पटकन टाळी पडते आणि माणसं म्हणतात, बघा, कागदाला किंमत नसते. भाऊरावांचा निष्कर्ष नेमका उलटा होता. शाळेवाचून गाव नको आणि ट्रेनिंगवाचून शिक्षक नको, अशा आशयाचं ध्येय त्यांनी संस्थेपुढे ठेवलं होतं. १९३५ साली, हातात पैसा नसताना, त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. प्राथमिक शिक्षक तयार करणारं कॉलेज. पुढे त्याला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि ते योग्यच झालं, कारण १८८२ च्या निवेदनातला शिक्षक इथे तयार होत होता: शेतकऱ्याचा, कारागिराचा मुलगा, बोर्डिंगात भाकऱ्या थापलेला, शेतात राबलेला. नंतर मुलींसाठी जिजामातांच्या नावाचं वेगळं ट्रेनिंग कॉलेजही आलं. हे हायस्कूल काढायच्या आधी. संस्थेचं महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० चं आहे. पाच वर्षं आधी शिक्षक तयार करायची सोय, मग हायस्कूल. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

पण लगेच दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी फक्त सोयीचं सांगितलं असं होईल. १९३७ ला मुंबई प्रांतात खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि व्हॉलंटरी शाळांना अनुदानाची योजना निघाली. भाऊरावांनी ती उचलली. १९३८ ला पहिली व्हॉलंटरी शाळा यवतेश्वरला. कासला जाताना आपण जो घाट चढतो, तिथे वर. पुढे या शाळा पाचशेच्या वर गेल्या; ५७८ हा आकडा संस्थेच्या इतिहासात नेहमी येतो. इतक्या शाळांना ट्रेन्ड शिक्षक कुठून येणार? नाही आले. सुरुवातीला फायनल झालेली पोरं पाठवली गेली. डोंगरात, जिथे बोर्डाची शाळा गेलीच नव्हती तिथे. मारुतीच्या देवळात शाळा, गावाकडून जेवण, तुटपुंजं मानधन. ट्रेनिंगवाचून शिक्षक नको असं म्हणणाऱ्या माणसाने शेकडो अनट्रेन्ड शिक्षक उभे केले.

हा विरोधाभास आहे का? मला बरीच वर्षं तसं वाटायचं. आता वाटतं की त्यांचं गणित वेगळं होतं. पोरगा आधी वर्गात जाईल, मग ट्रेनिंगला येईल, पुन्हा वर्गात जाईल. कागद हवाच, पण तो मिळवून देण्याची जबाबदारी संस्थेची. दारात उभं राहून ‘कागद दाखव’ म्हणणं, आणि ‘आत ये, आपण कागद मिळवू’ म्हणणं, यात जो फरक आहे तो इथे दिसतो. दुसऱ्या पद्धतीला खर्च येतो, आणि तो भाऊरावांनी केला. मुलांच्या बाजूने पाहिलं तर एक हिशेब उरतोच: त्या पहिल्या वर्षी, अनट्रेन्ड पोराच्या हाताखाली, यवतेश्वरच्या मुलांना काय मिळालं? शाळा नसण्यापेक्षा खूप जास्त. ट्रेन्ड शिक्षकापेक्षा कमी. दोन्ही खरं आहे.

१९४८ नंतरचा भाग भरभर सांगतो. गांधीहत्येनंतरच्या दिवसांत सरकारवर टीका केली म्हणून संस्थेचं अनुदान थांबलं, गाडगेबाबांनी शब्द टाकला तेव्हा ते सुरू झालं. गांधीजींच्या नावाने एकशे एक हायस्कुलं काढायचा संकल्प झाला. १९४९ ला जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर आणि दक्षिण सातारा. दक्षिणेचं १९६० ला सांगली झालं. आणि गावोगाव हायस्कुलं निघू लागली.

हायस्कूल आलं की आपला प्रश्न बदलतो. चौथीपर्यंत एका गुरुजींनी सगळं शिकवलं तर चालतं. पण नववीची भूमिती, इंग्रजी, संस्कृत, विज्ञान एकाच माणसाने कसं शिकवायचं? इथे विषय येतो. संस्थेचं शिवाजी कॉलेज १९४७ ला निघालं होतं, त्यातून पदवीधर बाहेर पडत होते, ते तसेच हायस्कुलांत जात होते. मग १९५५ ला आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघालं, माध्यमिक शिक्षकांना बी.टी., बी.एड. करण्यासाठी. इथे क्रम उलटा झालेला दिसतो. हायस्कुलं आधी, त्यांचे शिक्षक तयार करणारं कॉलेज नंतर. वेग इतका होता की थांबून चालणार नव्हतं.

बी.एड.ला दोन ‘मेथड’ असतात. माझी इतिहास-मराठी. म्हणजे कागदावर पहिल्यांदाच विषय आला. पण तो कागदाच्या आतल्या पानावर आला, गुणपत्रिकेत. नेमणूक मान्यतेसाठी शिक्षणाधिकारी कार्यालयात जाते तेव्हा बघितलं जातं की उमेदवार प्रशिक्षित पदवीधर आहे का. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची नियमावली, ज्यांच्यावर आमची अख्खी पिढी जगली आणि भांडली, त्यांतही जोर याच गोष्टीवर: पात्रता, वेतनश्रेणी, सेवाज्येष्ठता. क प्रवर्गात कोण कधी आला यावर कोर्टात खटले चालले, अगदी सर्वोच्च न्यायालयापर्यंत. पण सातवी ‘ब’ला गणित कुणी शिकवलं, यावर भांडण कोर्टात गेल्याचं मला तरी आठवत नाही. ते भांडण जूनच्या पहिल्या आठवड्यात, वेळापत्रक लागताना, मुख्याध्यापकांच्या टेबलाशी होतं आणि तिथेच संपतं.

१९७५ ला दहावीची पहिली परीक्षा झाली. जुनी अकरावी गेली. नव्या रचनेत गणित आणि विज्ञान सगळ्यांना आलं. धोरण म्हणून चांगलं होतं. पण ग्रामीण हायस्कुलांत बी.एस्सी. बी.एड. माणूस मिळणं मुश्किल. बी.एस्सी. झालेला पोरगा कारखान्यात, बँकेत, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जायचा. कृष्णाकाठी साखर कारखाने होतेच. शाळेत येणारे बहुतेक बी.ए.

आता माझं पाप सांगतो. शाळेचं नाव नको. मी नवीन होतो, इतिहास-मराठीचा. विज्ञानाचे सर दुसरीकडे गेले आणि जागा भरली गेली नाही. माझे सहा तास रिकामे होते. कार्यभार पुरा झाला नाही तर पद अतिरिक्त ठरेल, ही भीती मला होती, मुख्याध्यापकांना होती. म्हणून दोन वर्षं आठवीला मी विज्ञान शिकवलं. ऑक्सिजन वायू तयार करायचा प्रयोग मी फळ्यावर केला. म्हणजे खडूने. चंचूपात्र काढलं, नळी काढली, बुडबुडे काढले. मुलांनी ते बुडबुडे वहीत उतरवून घेतले. प्रयोगशाळेत साहित्य होतं, पण मला ते हाताळायची भीती वाटत होती. एका मुलीने विचारलं, सर, वायू दिसत नाही तर तो ऑक्सिजनच आहे हे कसं कळलं? पेटती काडी जवळ नेली की ती भडकते, हे मला पाठ होतं, तेवढं सांगितलं. ‘मग दाखवा ना’ असं ती म्हणाली नाही. पण तिच्या चेहऱ्यावर ते होतं. कायद्याच्या दृष्टीने मी पूर्ण पात्र होतो. ट्रेन्ड ग्रॅज्युएट, मान्यता मिळालेला.

शाळेत एक गंमत असायची, म्हणजे आता गंमत वाटते. ज्यांच्या प्रमाणपत्रावर ठळक अक्षरांत विषय लिहिलेला असे, असे दोनच शिक्षक. एक चित्रकलेचे, ए.टी.डी. झालेले. दुसरे कांदिवलीहून शारीरिक शिक्षणाचा कोर्स करून आलेले पी.टी.चे सर. आणि कुणी रजेवर गेलं की ऑफ तासाला कुठल्याही विषयावर पाठवले जाणारेही हेच दोघे. त्यांचे स्वतःचे तास मात्र परीक्षा जवळ आली की गणिताला, इंग्रजीला द्यायचे.

जून २००० मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. माझ्या मते आपल्या विषयातला हा सगळ्यात मोठा प्रयोग, आणि त्याचा या अंगाने विचार फारसा झाला नाही. एका सत्रात, राज्यातल्या प्रत्येक पहिलीच्या गुरुजींवर एक नवा विषय आला. हे गुरुजी स्वतः इंग्रजी पाचवीपासून, आणि वयस्कर असतील तर त्याहून उशिरा, शिकलेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होती, त्या काळात शिकलेले काही जण अजून नोकरीत होते. त्यांना छोटी प्रशिक्षणं दिली, पुस्तिका दिल्या. नवी पात्रता कुणी मागितली नाही, मागताही आली नसती, कारण मग शिकवायला कुणी उरलंच नसतं. पाटण तालुक्यातली एक बाई मला म्हणाल्या होत्या, रात्री नवऱ्याकडून उच्चार घोकून घ्यायचे आणि सकाळी वर्गात जायचे. त्या वर्गातली मुलं आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांतली किती जण इंग्रजीला घाबरतात आणि किती जण नाही, तुम्हीच आजूबाजूला बघा.

त्याच सुमारास अजून दोन गोष्टी झाल्या. एक, शिक्षणसेवक योजना, २००० ची. डी.एड. झालेला, पूर्ण पात्र शिक्षक, तीन वर्षं महिना तीन हजारांवर. कागद पूर्ण, पगार अपुरा. दुसरी, वस्तीशाळा. माण, खटाव, जत, आटपाडीत वस्त्या लांबलांब विखुरलेल्या, तिथे लहान शाळा निघाल्या आणि गावातलाच दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा सून शिकवायला घेतली. सुरुवातीला महिना हजार रुपये. त्यांना निमशिक्षक म्हणायचे. निम! यवतेश्वर पुन्हा घडत होतं, फक्त मागे भाऊराव नव्हते. तरी त्या लोकांनी नोकरी करत डी.एड. पूर्ण केलं, मोर्चे काढले, आणि २०१४ मध्ये ते नियमित सेवेत आले. आणि याच दशकात डी.एड. कॉलेजांचं पीक आलं. राज्यात हजारावर गेली. बारावीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळवलेली मुलं डॉक्टरकी सोडून डी.एड.च्या रांगेत होती. मग २०१२ ला भरती थांबली आणि कॉलेजं ओस पडली. कागद घेऊन बसलेली ती पिढी आज चाळिशीला आली. त्यांच्याबद्दल वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

आता कायदा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, लागू २०१० पासून. माझ्या हातातल्या प्रश्नाला पहिल्यांदा सरळ उत्तर इथे मिळतं. या कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय की सहावी ते आठवीला निदान एकेक शिक्षक असा हवा: विज्ञान-गणिताला एक, सामाजिक शास्त्रांना एक, भाषांना एक. शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन शिक्षकही. म्हणजे पंतोजींपासून मोजलं तर दीडशे वर्षांनी विषय दाराच्या पाटीवर आला. ‘पदवीधर विषय शिक्षक’ हे पद जिल्हा परिषदेच्या शाळांत याच्यातून आलं.

आणि लगेच अडलं. एक तर आपली रचना पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशी होती. कायद्याची पाचवी आणि आठवीला तोडणारी. दुसरं, जिल्हा परिषदेचे गुरुजी नोकरी करत पदवीधर झाले होते ते शिवाजी विद्यापीठाच्या बहिःस्थ परीक्षा देऊन, नाहीतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून. घरी बसून बी.ए. करता येतं, मराठी, इतिहास, समाजशास्त्र घेऊन. घरी बसून बी.एस्सी. कशी करणार? त्यामुळे सामाजिक शास्त्राला रांग, आणि गणित-विज्ञानाला माणूस नाही. आणि तिसरं म्हणजे पट. कोयनेच्या पाणलोटातल्या, जावळीतल्या शाळांत सहावी ते आठवीला मिळून पंधरा मुलं. पट घटला की पद जातं. तीन विषयांना तीन शिक्षक हे कागदावर राहतं, प्रत्यक्षात एकच गुरुजी, पुन्हा बनगरवाडीसारखे.

टीईटी २०१३ ला महाराष्ट्रात पहिल्यांदा झाली. दीडशे गुणांची, साठ टक्के उत्तीर्णतेला, राखीव प्रवर्गांना पंचावन्न. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. मधल्या काळात या परीक्षेत जो घोटाळा झाला, हजारोंचे निकाल रद्द झाले, त्याने ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला त्यांच्या कागदावरही डाग पडला. आधी लागलेले शिक्षक समजत होते की २०१० च्या अधिसूचनेने आपल्याला सूट आहे. न्यायालयाने कायद्याचा अर्थ वेगळा लावला.

माझं मत विचाराल तर, परीक्षा मागणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. ऑक्सिजनचे बुडबुडे खडूने काढलेल्या माणसाला तो अधिकार नाही. मुलांच्या बाजूने विचार केला की न्यायालयाचं म्हणणं टाळता येत नाही. पण जोतीरावांनी ठेवलेली खिडकी आठवा. ती शिकवण्यात तरबेज असलेल्यांसाठी होती. आताच्या निकालातही एक खिडकी आहे, पण ती वयाची आहे. निवृत्ती जवळ असेल तर सूट. छपन्नाव्या वर्षी कसंबसं शिकवणारे त्यातून सुटतात आणि अठ्ठेचाळीसाव्या वर्षी ज्यांच्या वर्गातून पोरं शिष्यवृत्तीला लागतात ते अडकतात. वर्गात जाऊन, मागच्या बाकावर बसून कोण तरबेज आहे ते बघणारा दिपोटी आता नाही. केंद्रप्रमुखांकडे माहितीचे इतके तक्ते भरायला असतात की त्यांना बाकावर बसायला वेळ नसतो.

जतच्या त्या गुरुजींकडे परत येऊ. त्यांची पदवी बी.ए., इतिहास. वाडीच्या शाळेत सहावी-सातवी आहे आणि गणिताला माणूस नाही म्हणून वीस वर्षं गणित तेच शिकवतात. चांगलं शिकवतात. आता अर्ज भरताना दुसऱ्या पेपरला त्यांना निवडायचंय: गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्र? पदवीप्रमाणे सामाजिक शास्त्र निवडावं लागेल. ऑगस्ट २०२७ पर्यंत ते पास झाले, तर त्यांच्याकडे सामाजिक शास्त्राचा कागद येईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला ते सातवीला काळ-काम-वेगाची उदाहरणं घालतील. त्या वेळापत्रकावर सही मुख्याध्यापकांची असेल, आणि त्या शाळेत मुख्याध्यापक म्हणजे बहुधा तेच.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. मी मघाशी चार वेळा म्हणालो होतो, तुम्ही मोजत असाल तर मोजा. आता प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी बराच वेळ हात वर धरून बसलंय, तिथून सुरुवात करू.